गोळीने थांबते, पंधरवड्याने परत येते : कुत्र्याच्या पातळ शीचा माग कसा काढायचा

तक्रार ओळखीची असेल. कुत्र्याला पातळ शी होते, डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात, दुसऱ्याच दिवशी शी घट्ट होते आणि आपण हुश्श करतो. मग बारा-पंधरा दिवसांनी पहाटे साडेचारला दारावर नखांची खरखर. पुन्हा तीच गोळी, पुन्हा घट्ट, पुन्हा पातळ. आमच्या चिंगीचं हे चक्र गेल्या पावसाळ्यात चार वेळा फिरलं. चिंगी गावठी, साडेपाच वर्षांची, वजन १६ किलो, भूक कायम दीड कुत्र्याची. खेळण्यात, भुंकण्यात, कुरिअरवाल्याचा राग करण्यात काही कमी नव्हतं. बिघडायची ती फक्त शी.

चौथ्या वेळी आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायच्या आधी विचारलं, "मागच्या वेळी नक्की कधी झालं होतं?" मी म्हटलं, "झाले असतील तीन आठवडे." बायको म्हणाली, "छे, दहा दिवस." मुलगा म्हणाला, "सारखंच होतं." डॉक्टर हसले आणि म्हणाले, "आधी वही घाला, मग माझ्याकडे या."

एकट्या शीकडे कितीही निरखून पाहिलं तरी ती फार थोडं सांगते. ती किती दिवसांनी बिघडते आणि कशानंतर बिघडते, हे लिहून ठेवलं की बरंच काही बाहेर येतं. पुढचं सगळं त्या वहीतून आलेलं आहे. पण त्याआधी एक महत्त्वाचं.

वही बाजूला ठेवून लगेच निघायचं ते कधी

शी डांबरासारखी काळी आणि चिकट असेल, किंवा जॅमसारखं लालभडक रक्तच पडत असेल, तर वाट पाहायची नाही. जुलाबाबरोबर उलट्या होत असतील आणि प्यायलेलं पाणीही पोटात ठरत नसेल, तरीही तेच. वरचा ओठ उचलून हिरड्या बघा. त्या गुलाबी आणि ओल्या हव्यात. बोटाने दाबल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या फिक्या, कोरड्या किंवा चिकट लागत असतील, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसत असेल, तर अंगातलं पाणी कमी झालंय किंवा रक्त कमी झालंय.

लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणि रक्ताचे, भयंकर वासाचे जुलाब, सोबत उलट्या, मलूल पडून राहणं, असं दिसलं की पार्व्हो धरूनच चालायचं. या आजारात उपचाराविना बहुतेक पिल्लं जातात आणि वेळेवर सलाईन मिळालं तर बहुतेक वाचतात. सकाळपर्यंत बघू, यातच पिल्लू हातचं जातं. घर साध्या फिनाइलने पुसून पार्व्होचा विषाणू मरत नाही. आधी घाण पूर्ण धुऊन काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं लावून दहा मिनिटं तसंच ठेवायचं.

आणखी एक गोष्ट लोक चुकतात. कुत्रा सारखा कुंथतोय पण काहीच बाहेर येत नाही, हे दर वेळी बद्धकोष्ठ नसतं. मोठ्या आतड्याला सूज असली तरी तो तसाच बसतो. नर असेल तर लघवी अडकली नाही ना, हे आधी पाहा. लघवी तुंबली असेल तर एरंडेल पाजत बसण्याइतका वेळ नसतो.

वही कशी लिहायची

एक साधी शाळेची वही. तारीख आणि वेळ, आकडा, शी किती, आव किंवा रक्त आहे का, आदल्या दिवशी काय खाल्लं, कुठे फिरायला गेली, कोणतं औषध चालू आहे. एवढंच. कविता करायची नाही.

आकड्यासाठी पशुवैद्यांचा १ ते ७ चा तक्ता सोयीचा पडतो. (काही दवाखान्यांत १ ते ५ चा असतो, म्हणून सांगताना 'सातापैकी पाच' असं सांगावं.) १ म्हणजे शेळीच्या लेंड्या, कोरड्या, सुट्या. २ म्हणजे घट्ट, अंगावर भेगा असलेली, उचलली तर खाली डाग न राहणारी. ३ म्हणजे आकार तोच, पण वरून ओलसर, जमिनीवर किंचित ओल सोडणारी. २ आणि ३ मिळाले की त्या दिवसापुरता विषय संपला. ४ ला आकार असतो, पण उचलताना मोडतो आणि खाली लडबड राहते. ५ म्हणजे आकार जाऊन ढीग झालेला. ६ म्हणजे पिठलं, ७ म्हणजे पाणी. पिठल्याबद्दल माफ करा, पण घरात सगळ्यांना एकदम कळलं ते याच शब्दाने.

दोन गोष्टी सुरुवातीला माहीत नव्हत्या आणि त्यामुळे आठवडाभर उगाच घाबरलो. पहिली : सकाळच्या फेरीत कुत्रा दोन-तीनदा बसला तर पहिली शी घट्ट आणि शेवटची सैल असते. शेवटच्या भागाला मोठ्या आतड्यात पाणी आटायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून वहीत पहिल्या शीचा आकडा लिहायचा. दुसरी : दुपारी अंगणात सापडलेल्या सकाळच्या शीत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर त्या बहुतेक माश्यांच्या असतात, कुत्र्याच्या पोटातल्या नव्हेत. त्या पाहून जंताचं औषध देऊ नका.

फोटो जरूर काढा, डॉक्टरांना वर्णनापेक्षा फोटो जास्त कामाचा असतो. फक्त ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आमच्याकडे पाहुण्यांना सहलीचे फोटो टीव्हीवर दाखवताना जे झालं ते इथे सांगत नाही.

लहान आतडं की मोठं?

आठवडाभराची वही पाहून पहिला प्रश्न सोडवायचा तो हा. कारण लहान आतड्यात अन्न पचतं आणि अंगी लागतं, तर मोठ्या आतड्यात पाणी शोषलं जातं आणि शी साठते. बिघाड कुठे आहे त्याप्रमाणे कुत्रा वेगळा वागतो.

मोठं आतडं बिघडलं की कुत्रा दिवसातून पाच-सात वेळा बसतो, पण दर वेळी चमचाभरच होतं. घाई इतकी की लिफ्टपर्यंत धीर धरवत नाही. शीवर पारदर्शक जेलीसारखी आव असते, शेवटी ताज्या लाल रक्ताचे एक-दोन थेंब पडतात. शी होऊन गेल्यावरही तो कुंथत राहतो. बाकी कुत्रा मात्र ठणठणीत. वजनही फारसं उतरत नाही. चिंगीचं चित्र पहिल्या आठवड्यात असंच वाटलं होतं, पण पुढे ते बदललं.

लहान आतड्याच्या बिघाडात फेऱ्या दोन-तीनच, पण दर वेळी ढीग. आव नसते, कुंथणं नसतं. पोट गुडगुडतं, वारा सरतो, कधी उलटी होते, आणि महिन्याभरात बरगड्या हाताला लागू लागतात. रक्त आलंच तर ते वाटेत पचून काळं होऊन येतं. हा प्रकार वरवर सौम्य दिसतो, कारण कुत्रा घाण करत नाही, वेळेवर जातो. पण माझ्या मते जास्त काळजी याचीच करावी. खाऊनही वजन उतरणं ही कुठल्याच कुत्र्यात चांगली खूण नाही.

त्यातलं एक टोक लक्षात ठेवण्यासारखं आहे. कुत्रा अधाशासारखा खातो, कचराही खातो, तरी हाडकतो, आणि शी फिकट पिवळी, तेलकट, खाल्ल्यापेक्षा जास्त वाटावी इतकी मोठी. स्वादुपिंड पाचक रस बनवेनासं झालं की असं होतं. जर्मन शेफर्डमध्ये हे विशेष दिसतं. साध्या शी-तपासणीत ते सापडत नाही, टीएलआय नावाची रक्ततपासणी करावी लागते. निदान झालं की प्रत्येक जेवणात एन्झाइमची पूड मिसळून कुत्रा पुन्हा भरतो. या रोगाचे कुत्रे सहा-सहा महिने जंताच्या औषधावर काढतात, ते टाळता येतं.

रंग

रंगावर लोक फार बोलतात, पण बहुतेक रंग आदल्या दिवशीच्या ताटातून येतात. बीट खाल्लं, लाल. गवत खाल्लं, हिरवी. हाडं जास्त झाली की पांढरट, खडूसारखी, हातात भुगा होणारी. हाडांची शी दगड होऊन अडकते आणि मग दवाखान्यात एनिमा द्यावा लागतो, तेव्हा 'हाड कुत्र्याचं आवडतं' हे वाक्य घरातून काढून टाकलेलं बरं.

काळ्या रंगाकडे मात्र नीट पाहायचं. लोहाच्या औषधानेही शी काळी होते, म्हणून आधी तो धागा तपासा. शंका असेल तर थोडी शी पांढऱ्या कागदावर ओल्या कापसाने फासा. कडेला तांबूस ओल पसरली तर ते पचलेलं रक्त असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे त्यामागे तीन गोष्टी वारंवार निघतात. एक, लहान पिल्लात अंकुशकृमी, जे आतड्याला चिकटून रक्त पितात. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडतात. दोन, गोचीड ताप. गोचिडीतून आलेल्या एर्लिकिया या जिवाणूने प्लेटलेट कमी होतात आणि कुठूनही रक्त झिरपू लागतं, नाकातून किंवा आतड्यातून. तीन, आपण स्वतः. लंगडतोय म्हणून माणसाची इबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी दिली जाते आणि जठरात व्रण होतो. काळी शी घेऊन गेलात आणि अशी गोळी दिली असेल, तर डॉक्टरांना लाजून न लपवता सांगा.

राखाडी, मातीसारखी फिकी शी म्हणजे पित्त आतड्यात पोचत नाही. सोबत डोळ्यांत, हिरड्यांवर पिवळेपणा आहे का ते पाहा. निळी किंवा भडक हिरवी, न पचलेल्या दाण्यांची शी दिसली तर घरात, गॅरेजमध्ये, शेजारच्या दुकानात उंदराचं औषध ठेवलंय का ते विचारा. त्या विषाचा परिणाम, म्हणजे आतल्या आत रक्तस्राव, खाल्ल्यानंतर दोन ते पाच दिवसांनी दिसतो, तोवर कुत्रा अगदी बरा वाटतो. पाकीट सापडलं तर ते सोबत न्या.

शेपटीखाली तांदळाचे दाणे दिसले आणि तुम्ही भात घालत असाल, तर गोंधळ होतोच. ताजा असताना तो दाणा आखडतो-पसरतो, सुकल्यावर सोनेरी होऊन केसांना चिकटतो. भात यातलं काही करत नाही. तो दाणा म्हणजे चपट्या कृमीचा तुकडा, आणि त्या कृमीची अळी वाढते पिसवेत.

किती दिवसांनी परत येतं

वहीचं खरं काम इथे आहे. आजवर माझ्या आणि टेकडीवर भेटणाऱ्या चार-पाच घरांच्या वह्या मिळून जे दिसलं ते सांगतो. टेकडीवर सकाळी सहाला कुत्र्याच्या शीवर गंभीर चर्चा करणारी माणसं पुण्यात पुष्कळ आहेत, हा माझा अनुभव.

दर सोमवारी बिघडत असेल, तर रविवारच्या पातेल्याकडे पाहा. मटणाचा रस्सा, वरची तर्री, चरबीचे तुकडे. कांदा-लसूण तर कुत्र्याला विषारीच, तांबड्या पेशी फुटतात. पण एरवीच्या जुलाबाचं कारण बहुधा तेल. कधी ते जुलाबावर थांबत नाही, स्वादुपिंडाला सूज येते. मग कुत्रा पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून नमस्कार घातल्यासारखा उभा राहतो आणि उलट्या करतो. हे दुखण्याचं चिन्ह आहे, खेळाचं नव्हे.

रोजच थोडी सैल आणि गॅस, असं असेल तर दूध बंद करून आठवडा पाहा. मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचवणारा रस कमी पडतो. दूध-पोळीवर पाच-पाच वर्षं काढलेल्या कुत्र्यांची शी नुसतं दूध बंद केल्यावर सुधारलेली पाहिली आहे. त्याच यादीत बिस्किटं. खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नये, आणि ही मोजणी घरातल्या एकाने नव्हे, सगळ्यांनी मिळून करायची. आजी, वॉचमन, खालच्या मजल्यावरचं पोर, सगळ्यांना विचारा. कुणी पहिल्यांदा कबूल करत नाही.

खाद्याची नवी बॅग उघडली की बिघडतं, तर बदल एका दिवसात झालाय. जुन्यात नवं पाव, अर्धं, पाऊण असं मिसळत सात ते दहा दिवस घ्यायचे.

जंताचं औषध दिलं आणि दोन-तीन आठवड्यांत दाणे परत दिसले, तर औषध निकामी नव्हतं. प्राझिक्वांटेल चपटे कृमी मारतं, पण अंग चाटताना पिसू गिळली की नवा कृमी तीनेक आठवड्यांत तयार. पिसवांचा बंदोबस्त कुत्र्याबरोबर गादी, सोफा, कोपरे यांचाही करावा लागतो, कारण त्यांची अंडी आणि कोष घरात असतात. कुत्र्याची गोळी दर महिन्याला बदलत बसणाऱ्यांनी आधी झाडू घ्यावा.

आव आणि रक्त येऊन जातं, औषधाने थांबतं आणि तीनेक महिन्यांनी परत येतं, असं असेल तर चाबूककृमीचं नाव डॉक्टरांसमोर काढा. गिळलेल्या अंड्यापासून अंडी घालणारा कृमी व्हायला साधारण तेवढाच काळ लागतो. मातीत ती अंडी वर्षानुवर्षं टिकतात. शी-तपासणीत ती हुकतात, म्हणून कधी निकाल 'निरंक' असूनही औषधाचे ठरावीक अंतराने फेर देतात.

दिवाळीचे फटाके, घर बदलणं, मालक गावाला आणि कुत्रा वसतिगृहात, यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आवेची शी झाली तर ताणाने मोठ्या आतड्याला आलेली सूज असते, बहुतेकदा चार दिवसांत निवळते. पण ताणाच्या प्रत्येक प्रसंगी जुलाब, उलटी, थरथर आणि गळून जाणं, सलाईन लावलं की जादूसारखं बरं, असं वर्षात तीनदा झालं असेल तर अ‍ॅडिसनचा आजार तपासायला सांगा. यात मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथी संप्रेरक बनवायच्या थांबतात. मध्यम वयाच्या माद्यांत हे जास्त दिसतं. पोटाचा आजार म्हणूनच ते अनेकदा वर्षभर चालतं.

मध्ये बरं असण्याचा काळच नाही, तीन आठवडे झाले, तर डॉक्टर त्याला जुनाट आजार म्हणतात आणि मग अंदाजाच्या गोळ्या थांबवून रक्त, अल्ब्युमिन, बी-१२, सोनोग्राफी यांकडे वळतात. त्यातही पहिला उपाय बहुधा आहार. एकाच नव्या प्रथिनाचं किंवा प्रथिन फोडून बनवलेलं खास खाद्य, दुसरं काहीही नाही, एक शेंगदाणाही नाही. आहाराने बरे होणारे बहुतेक कुत्रे दोन आठवड्यांत फरक दाखवतात.

आता गोळी संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी. हे आमचं.

चिंगीचं काय निघालं

पहिले तीन आठवडे माझा संशय सासूबाईंवर होता. चिंगीला त्या लपून भाकरी-तूप देतात हे घरात सर्वांना ठाऊक आहे. वहीने त्यांना निर्दोष ठरवलं. तूप दिलेल्या दिवसांनंतरही २ आणि ३ च होते. वहीत उठून दिसलं ते वेगळंच. मेट्रोनिडाझोल, म्हणजे तीच पाच दिवसांची गोळी, संपलं की बाराव्या, चौदाव्या, अकराव्या दिवशी आकडा ५. शी मऊ, फिकट, चिकट, तुपकट चकाकीची, वास नेहमीपेक्षा आंबूस, मधूनच आव. वजन महिन्यात ७०० ग्रॅम उतरलं होतं.

सुरुवातीला एकदा शी तपासून घेतली होती, काही सापडलं नव्हतं. डॉक्टरांनी आता वेगवेगळ्या तीन दिवसांचे नमुने मागितले. तिसऱ्यात जिआर्डियाच्या पुट्या, म्हणजे सिस्ट, सापडल्या. हा एकपेशीय परजीवी रोज बाहेर पडत नाही, एखाद्या दिवशी भरपूर आणि मग दोन दिवस काहीच नाही. एका नमुन्यात न सापडणं ही सुटका नव्हे. ज्या दवाखान्यात अँटिजेन किट (शीतले जिआर्डियाचे अंश ओळखणारी झटपट चाचणी) आहे तिथे एकाच नमुन्यात कळण्याची शक्यता वाढते. पण उपचारानंतर किट काही आठवडे 'पॉझिटिव्ह' दाखवत राहू शकतं. तेव्हा कुत्रा बरा आहे की नाही हे शीवरून आणि सूक्ष्मदर्शकावरून ठरवायचं, नुसत्या किटवरून औषध वाढवत न्यायचं नाही.

मग गोळीने थांबायचं कसं? मेट्रोनिडाझोलने जिआर्डिया दबतो, संपतोच असं नाही. शिवाय साधी पातळ शी निम्म्याहून अधिक वेळा दोन-चार दिवसांत आपोआप थांबते आणि श्रेय गोळीला जातं. ती गोळी आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंची घडी आठवडेच्या आठवडे विस्कटते, आणि डोस जास्त झाला तर कुत्रा झोकांड्या खातो. म्हणून घरात उरलेली पट्टी पुढच्या वेळी स्वतःहून देणं बंद केलं.

डॉक्टरांनी फेनबेंडाझोल दिलं, किलोमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे चिंगीला रोज ८०० मिलिग्रॅम, सलग पाच दिवस. दुकानात मिळणारी जंताची एक गोळी एकदाच देऊन हे होत नाही. पण औषधाइतकंच महत्त्वाचं दुसरं काम होतं आणि तेच मागच्या खेपांना राहून गेलं होतं. सिस्ट शीतून बाहेर पडतानाच संसर्ग करायला तयार असतात. त्या शेपटीखालच्या केसांना चिकटतात, कुत्रा चाटतो, आणि स्वतःच स्वतःला पुन्हा आजारी पाडतो. म्हणून औषधाच्या शेवटच्या दिवशी शाम्पूने आंघोळ, मागचा भाग नीट घासून. त्याच दिवशी चादरी गरम पाण्यात, पाण्याचं भांडं उकळत्या पाण्याने, बाल्कनीची फरशी धुऊन कडक उन्हात कोरडी. सिस्टना ओल मानवते, कोरडेपणा सोसत नाही. पाऊस असल्याने उन्हाची वाट पाहावी लागली, तीन दिवस पंख्यावर भागवलं.

आणि डबकं. टेकडीवर पावसाळ्यात साचणारं पाणी चिंगी हमखास प्यायची. फिरण्याच्या नोंदी लाल पेनाने वाचल्यावर हे कळलं : टेकडीला न गेलेल्या आठवड्यांत आकडा बिघडलेला नव्हता. आता पाण्याची बाटली आणि घडीची वाटी बरोबर असते. डबकं दिसलं की पट्टा आखडतो. शी उचलायची पिशवी तर असतेच, कारण पुढच्या कुत्र्याचं डबकं आपणच भरतो.

माणसांची भीती विचारली जाते. कुत्र्यांत आढळणारे जिआर्डियाचे बहुतेक प्रकार माणसाला होत नाहीत. हात धुवा, लहान मुलांच्या तोंडाजवळ तोंड नको, पुरे. माणसाला खरा त्रास गोलकृमी आणि अंकुशकृमींचा, म्हणून पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला आणि मोठ्यांना सर्वसाधारणपणे दर तीन महिन्यांनी जंताचं औषध डॉक्टर सांगतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर अनवाणी चालणाऱ्यांच्या पायावर नागमोडी लाल रेघ उठते, तीही अंकुशकृमीच्या अळीचीच.

मध्यंतरी पोटाला काय

शी बिघडली पण कुत्रा खेळतोय, खातोय, पाणी पितोय, असे दोन दिवस घरी काढता येतात. मऊ भात दोन वाट्या, बिनहाडाची, बिनकातडीची उकडलेली कोंबडी एक वाटी, या प्रमाणात, मीठ-हळद-फोडणी काही नको. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. शाकाहारी घरात दहीभात, तोही बिनमिठाचा; दह्यात दुधातली साखर बरीच कमी होते. मोठ्या आतड्याच्या बिघाडात उकडलेला लाल भोपळा दोन चमचे किंवा अर्धा ते एक चमचा इसबगोल भरपूर पाण्यात भिजवून, हा मध्यम आकाराच्या कुत्र्याचा हिशोब. इसबगोल कोरडं कधीच देऊ नका. भात-कोंबडीवर तीन-चार दिवसच, त्यात कॅल्शियम वगैरे काही नसतं. पिल्लांना उपाशी ठेवायचं नाही. लोपेरामाइड, म्हणजे माणसांची जुलाबाची गोळी, आपल्या मनाने नको. कोलीसारख्या काही जातींत ती मेंदूपर्यंत पोचते.

ढुंगण घासत चालणं म्हणजे जंतच, ही समजूत सोडा. शी सैल राहिली की गुदाजवळच्या दोन ग्रंथी रिकाम्या होत नाहीत, त्या तुंबून खाज सुटते. शी घट्ट करा, निम्मी घासाघीस थांबते. न थांबल्यास डॉक्टर त्या दाबून रिकाम्या करतात. दर महिन्याला गरज नसताना दाबून घेणं मात्र नको. आणि खच्चीकरण न झालेल्या वयस्क नराची शी फितीसारखी चपटी होऊ लागली तर प्रोस्टेट वाढलंय का, हे तपासून घ्या.

नमुना नेताना

सुपारीएवढा पुरतो. जमिनीला न लागलेला, वरच्या भागातला घ्यायचा, मातीतले मुक्त कृमी नमुन्यात शिरले तर निकाल भलताच येतो. झाकणाची कोरडी डबी, वर तारीख आणि वेळ. लगेच नेता आला तर उत्तम, नाहीतर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एका दिवसापर्यंत, बर्फाच्या कप्प्यात नको. (डबीवर मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्या घरी फ्रीजमधली डबी उघडून पाहण्याची सवय आहे.) तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही शी-तपासणीची सोय आहे का, ते विचारा.

चिंगीच्या वहीत गेले ४१ दिवस जवळजवळ सगळे २ आणि ३ आहेत. मध्ये एक ४ आहे, त्याच्यापुढे सासूबाईंच्या अक्षरात 'शंकरपाळे, दोन' असं लिहिलेलं आहे. जूनमध्ये पुन्हा तीन नमुने न्यायचेत. डब्या आणून ठेवल्या आहेत.